काठावरच्या चार रेघा

मी कॅनडाची चादर बोलतेय. अंगाला डांबरगोळीचा वास येत असेल तर नाक मुरडू नका. गेल्या तीसेक वर्षांतला बराचसा काळ मी पत्र्याच्या पेटीत काढलाय. आत्ता मी एका चाकाच्या बॅगेत आहे, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आणि अर्धापूरच्या केळीचे वेफर्स यांच्या खाली दबलेली. बॅगेची चेन अजून लागायची आहे, तेवढ्यात काय ते बोलून घेते. मला माणसांचा वीट आलाय, आणि तो पोटात घेऊन एवढा लांबचा विमानप्रवास माझ्यानं होणार नाही.

मी सोलापुरी चादरीसारखी नव्हे. साईच्या रंगाची जाडजूड लोकर, दोन्ही टोकांना निळा, पिवळा, लाल आणि हिरवा पट्टा. आणि एका काठाजवळ बोटभर लांबीच्या चार काळपट रेघा. त्या रेघा लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढीच एक जागा मला माझी वाटते.

कॅनडात मला फार मान. दुकानाच्या काचेत, गोऱ्या लोकांच्या दिवाणखान्यात, खेळाडूंच्या कोटावर माझे पट्टे दिसतात. मला बघून म्हणतात, हा आमचा खरा कॅनडा. आणि मी विणली गेले कुठं? इंग्लंडात. मेंढ्या तिकडच्या, माग तिकडचा, विणकर तिकडचा. ज्या देशाची मी ओळख, त्या देशात मी बोटीनं आले. हे तिथं कुणी मोठ्यानं बोलत नाही. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

तो देश उभा कसा राहिला, तेही ऐका. तिकडच्या नद्यांत लाकडं कुरतडून बांध घालणारा एक प्राणी असतो, बीव्हर. त्याच्या केसांपासून युरोपातल्या साहेबांच्या टोप्या व्हायच्या. म्हणून एक मोठी कंपनी जंगलात शिरली. तिथं हजारो वर्षं राहणारे लोक होते, त्यांच्या भाषा होत्या, गाणी होती, लेकरंबाळं होती. कंपनीनं त्यांच्याकडून कातडी घेतली आणि माझ्या खापरपणज्या दिल्या. आधी कातडी घेतली, मग नद्या, मग जमीन. शेवटी अठराशे सदुसष्टमध्ये चार प्रांत एकत्र आले आणि म्हणाले, आता आम्ही एक देश. ज्यांची जमीन होती त्यांना विचारायचं राहून गेलं. माझ्या काठावरच्या चार रेघा म्हणजे चार कातडी, अशी एक गोष्टही तिथं सांगतात. साफ खोटं. रेघा मापाच्या आहेत, चादर केवढी ते घडी न उलगडता कळावं म्हणून. पण खऱ्या गोष्टीपेक्षा बरी गोष्ट माणसांना जास्त आवडते, हे मी तिथंच शिकले.

माझी पहिली मालकीण एका शाळेत होती. मी तिला मिस म्हणते. सपाट, वाऱ्याच्या मुलखातली ती शाळा मूळ लोकांच्या लेकरांसाठी होती. लेकरं आईबापांकडून काढून आणायचे, केस कापायचे, नंबर द्यायचे आणि त्यांची बोली तोंडातून निघाली की तोंडात साबण कोंबायचे. मिसच्या पलंगावर मी, आणि लेकरांच्या अंगावर करड्या रंगाची विरलेली पांघरुणं. मिस रोज झोपताना देवाचे आभार मानायची, की या जंगली पोरांना माणसात आणायचं काम तू मला दिलंस. मला तेव्हा पहिल्यांदा शिसारी आली.

मिसचं अंथरूण आवरायला एक पोर यायची. दार लोटलेलं बघून ती माझ्या काठावरच्या रेघांवर बोट ठेवायची आणि आपल्या बोलीत मोजायची. चारच आकडे, पण ते म्हणताना तिचा चेहरा उजळायचा. एकदा मिसनं ऐकलं. त्यानंतर त्या पोरीच्या तोंडाला कितीतरी दिवस साबणाचा वास होता, पण माझ्या रेघांवरून बोट फिरवायची तिनं सोडली नाही, फक्त ओठ हलायचे. तिनं मला तिचं खरं नाव सांगितलं होतं. ते मी तुम्हाला सांगणार नाही. बाकी सगळं तिच्याकडून काढून घेतलं, तेवढं तरी तिचं राहू द्या. एका हिवाळ्यात ती खोकायला लागली आणि मग अंथरूण आवरायला दुसरीच पोर यायला लागली. शाळेमागच्या माळावर पुरलं म्हणे. पाटीबिटी काही लावली नाही.

मिस म्हातारी झाली तेव्हा मी तिच्या सोफ्याच्या पाठीवर असायचे. पाहुणे यायचे, चहा व्हायचा, आणि ती डोळे पुसत सांगायची, आम्ही त्या लेकरांवर पोटच्या पोरांसारखी माया केली. पाहुणे मान डोलवायचे. मग विषय निघायचा, आपण कॅनडातले लोक म्हणजे नेमके कोण. बराच वेळ खल करून उत्तर एकच यायचं, की आपण शेजारच्या अमेरिकेसारखे नाही. आपण शांत, सभ्य, कुणाचा धक्का आपल्याला लागला तरी आपणच सॉरी म्हणणारे. आता लातूरकराला विचारलं तू कोण, तर तो आधी नांदेडपेक्षा आपण कसे वरचढ ते सांगतो, आणि नांदेडकर त्याच्या उलट. पण हे लोक अख्ख्या देशाची ओळख असली ठेवून बसले होते. मला हसू यायला हवं होतं, पण साबणाचा वास आठवायचा.

मिस गेली. त्याच साली किल्लारीचा भूकंप झाला. तिच्या भाचीनं टीव्हीवर ढिगारे पाहिले, ती रडली, आणि मला मदतीच्या गठ्ठ्यात टाकून दिलं. तिचं मन चांगलं होतं, नाही म्हणत नाही. पण मला देताना तिनं शेजारणीला सांगितलं, की देणं हे आपल्या रक्तातच आहे. माझ्या बदल्यात कितीदा काय काय घेतलं गेलं होतं ते तिला ठाऊक नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं.

मी किल्लारीला पोचले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. गाव उरलंच नव्हतं. माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि दिवसा तापणारा तो पत्रा पहाटे बर्फासारखा गार पडायचा. मला वाटलं होतं, ज्यांच्या घराच्या भिंतीच पडल्या त्यांच्यात आता आडभिंती राहिल्या नसतील. कसलं काय. शेडच्या सुद्धा रांगा पडल्या होत्या. पाटलांची रांग वेगळी, बौद्धवाड्याची वेगळी, आणि पाण्याचे टँकर आधी कुठल्या रांगेपाशी थांबायचे तेही ठरलेलं.

बौद्धवाड्याच्या त्या शेवटच्या रांगेत सुमनबाई होती. तिचा नवरा भूकंपात गेला, आणि शेडमध्येच ती बाळंत झाली. मुलगी. नवऱ्याच्या दुःखात मुलीचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं. लातूरहून आलेल्या एका कॉलेजच्या पोरानं मदतीच्या गाडीवरून ती ओली बाळंतीण पाहिली, गठ्ठ्यातली सगळ्यांत जाड म्हणून मला ओढून काढलं आणि तिच्या खांद्यावर टाकलं. माझ्या जन्मात मी पहिल्यांदा कामाला आले. ती पोर माझा काठ तोंडात घेऊन चोखायची. नेमका तोच काठ, रेघांचा. लाळेनं तिथली लोकर चिकट व्हायची आणि सुमनबाई ती बोटांनी मोकळी करत बसायची.

याच सुमनबाईनं भूकंपाच्या सकाळी शेषेराव पाटलांचा पोरगा ढिगाऱ्यातून काढला होता. हे मी पाहिलं नाही, बायकांच्या बोलण्यातून ऐकलं. ती पाटलांच्या शेतात कामाला. पोराचं रडणं ऐकून तिनं दगडं हातांनी उपसली, नखं गेली, पोटुशी असून थांबली नाही. दयानंद नाव त्या पोराचं, पाचेक वर्षांचा. तिनं त्याला आईच्या, केवळाबाईच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. प्यायला पाणी मिळत नव्हतं अशा वेळी केवळाबाईनं आधी पोराला आंघोळ घातली आणि मग कुशीत घेतलं. का, ते मी सांगायला नको. तुम्ही इथलेच आहात.

मला सुमनबाईकडं फार दिवस राहू दिलं नाही. शेषेराव मदत वाटणाऱ्या मंडळीत होते. एका दुपारी ते रांगेत आले आणि म्हणाले, एवढी भारी चादर घेऊन तू काय करतीस, बाहेरचे साहेबलोक येऊन राहिलेत, त्यांना टेकायला काहीतरी बरं पाहिजे. त्यांनी तिला एक करडं, विरलेलं पांघरूण दिलं. ते पाहून मला वाटलं, समुद्र ओलांडून मी पुन्हा त्याच शाळेत आले की काय. पोरीच्या तोंडातून काठ सोडवताना ती रडली. केवळाबाईनं मला तीनदा धुतलं, गोमूत्र शिंपडलं, दगडांवर वाळवलं आणि तरीही अंगावर घेतलं नाही. पेटीत टाकलं. यांना पांघरायलाही नको आणि तिला परतही नको. इतकी किळस मला त्या साबणाचीही आली नव्हती.

त्या हिवाळ्यात थंडीची लाट आली. केवळाबाईच्या शेडसमोर दोन बायका बोलत होत्या, सुमनची पोर गेली म्हणे, छाती भरली होती. नाव पण नव्हतं ठेवलं. केवळाबाईनं पेटी उघडली. मला वाटलं, आता काही तिच्या मनात येईल. तिनं मला तळाशी सरकवलं आणि वर तांब्याची भांडी ठेवली.

पुढं नवं किल्लारी बसलं. रुंद रस्ते, एकसारखी घरं. वर्षं गेली आणि माणसांना सांगण्यासाठी गोष्ट लागायला लागली. भूकंपाच्या स्मृतिदिनाला कुणी पाहुणे आले की शेषेराव मला पेटीतून काढायचे आणि सांगायचे, त्या दिवसांत आमच्यात जातपात राहिली नव्हती, आम्ही आणि सुमन एका चादरीखाली निजलो, ही बघा ती चादर. पाहुणे मला हात लावून बघायचे. मी त्या खोट्याचा पुरावा झाले. शेषेराव सांगून सांगून स्वतःच ते खरं मानायला लागले आणि तेच मानत वारले.

दयानंद हीच गोष्ट ऐकत वाढला. लातूरला शिकला, इंजिनिअर झाला, नोकरीनं कॅनडाला गेला. गावात त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, त्यात तो चाळीस डिग्रीच्या उन्हात जाडा कोट घालून उभा. आता त्याला तिथलं नागरिकत्व मिळायचं आहे. त्यासाठी परीक्षा असते, त्या देशाच्या इतिहासाची. परवा तो बायकोला, वर्षाराणीला घेऊन गावी आला तेव्हा पाठांतर जोरात चालू होतं. ती मोबाईलवरून प्रश्न विचारायची, तो उत्तरं द्यायचा. लातूरच्या क्लासात घोकायची सवय, त्यामुळे बीव्हर, रेल्वे, झेंडा, सगळं तोंडपाठ. मूळ लोक कोण, तर तीन गट, नावांसकट. एकही उत्तर चुकत नव्हतं.

मध्येच तो तिथल्या हकिकती सांगायचा. पहिल्या वर्षी घरमालकानं खोली नाकारली होती. तुमच्या स्वयंपाकाचा वास भिंतीत मुरतो म्हणाला, वर सॉरी म्हणाला. तो शब्द न शब्द दयानंदला अजून पाठ होता. केवळाबाईनं पदर डोळ्याला लावला. माणसानं माणसाला असं करावं का, म्हणाली. ओसरीच्या फळीवर सुमनबाईसाठी वेगळा ठेवलेला कानतुटका कप होता, तिथनं सहज दिसत होता.

दयानंद मला न्यायलाच आला होता. तिथं तो राहतो त्या गावातल्या वाचनालयात नव्या नागरिकांचा कार्यक्रम आहे. प्रत्येकानं आपल्या मुलखातली एक वस्तू आणायची आणि तिची गोष्ट सांगायची. त्याला वाटलं, आपल्यासारखी गोष्ट कुणाकडं नसणार. कॅनडाची चादर भूकंपाच्या गावात आली, तिनं एका रात्रीत जात मिटवली, आणि आता त्या गावचा पोरगा कॅनडाचा होतोय. दोन्ही देशांचं भलं दिसतं असली गोष्ट. फक्त सुमनबाईनं मोबाईलसमोर बसून दोन शब्द सांगायचे होते.

तिला बोलावणं गेलं. ती आली, ओसरीच्या पायरीवर बसली. पांढरे केस, वाकलेली पाठ, हाताची नखं अजून वेडीवाकडी. दयानंदनं तिला मावशी म्हटलं. आजवर या घरात तिला कुणी मावशी म्हटलं नव्हतं. त्यानं मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि वर्षाराणीनं मोबाईल धरला.

केवळाबाई आतून म्हणाली, "सुमन, लई बोलू नको. आपन एका चादरीखाली निजलो, येवढंच म्हन."

सुमनबाईनं माझी घडी उलगडली, एक काठ चाचपला, तो सोडला, दुसरा घेतला. तिची बोटं रेघांवर आली आणि तिथं थांबली. मग ती त्या जागेवरून हात फिरवायला लागली, हळूहळू, चिकटलेली लोकर मोकळी करावी तशी. तीनदा धुतलेल्या, इतकी वर्षं पेटीत पडलेल्या माझ्या अंगावर तिला ती जागा सापडली. मी चादर आहे, मला रडता येत नाही. तेव्हा पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटलं.

"मावशी, बोला ना," दयानंद म्हणाला.

"ही चादर माझ्या लेकीची हाय," ती म्हणाली. "थोडे दिस व्हती तिच्या अंगावर. मंग तुझ्या वडलानं नेली. लेकरू त्याच थंडीत गेलं. आमी एका चादरीखाली कवाच न्हाई निजलो, बाबा. मी खोटं कशाला बोलू, माझी पोर हाय तिच्यात."

केवळाबाई आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. दयानंदचा चेहरा उतरला होता. तोंडातून लगेच सॉरी निघालं, तिथली सवय. मग तो म्हणाला, "हे मला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही?"

"मी काय दाखवून सांगनार व्हते?" सुमनबाई म्हणाली. "चादर तुमच्यापाशी व्हती."

मला वाटलं, आता हा पोरगा उठेल. ज्या हातांनी त्याला दगडाखालून काढलं ते हात समोर होते. तो उठून मला तिच्या खांद्यावर टाकेल, एवढीच माझी आशा होती, आणि खरं सांगते, त्या क्षणी मी माणसांना सगळं माफ करायला तयार होते.

तो उठला. वर्षाराणीबरोबर ओसरीच्या टोकाला गेला. ती हलक्या आवाजात म्हणाली की पहिला भाग छान आलाय, मावशी हात फिरवताना, डोळ्यांत पाणी वगैरे, तेवढाच ठेवू, आवाज काढून वर संगीत टाकू. दयानंदनं वळून एकदा पायरीकडं पाहिलं. मग म्हणाला, "हाव, तेवढंच ठेव. बाकीचं ऐकलं तर तिथले लोक आपल्याबद्दल काय समजतील."

मिसच्या सोफ्यावर बसणाऱ्या पाहुण्यांची मला आठवण झाली. तेही असंच म्हणायचे, जुनं उकरून काय उपयोग, देशाचं नाव खराब होतं. हा पोरगा परीक्षा द्यायच्या आधीच पक्का कॅनडियन झाला होता. आणि पक्का पाटील तर तो होताच.

केवळाबाईनं आतून चहा पाठवला, कानतुटक्या कपात. वर एक नवी साडी. सुमनबाईनं साडी पायरीवरच राहू दिली, चहा प्यायली. गावाच्या दुसऱ्या टोकाहून चालत आली होती, घसा कोरडा पडला असेल. मला तिच्या मांडीवरून उचललं तेव्हा तिनं धरून ठेवलं नाही, फक्त शेवटी तो काठ तिच्या बोटांतून सावकाश निघाला. मग ती अंगणातल्या नळाशी गेली आणि आपला कप आपणच विसळायला लागली, या घरात तिनं कायम विसळला तसा.

इकडं वर्षाराणीनं मोबाईल पुन्हा हातात घेतला होता. तिला परीक्षेची काळजी. तिनं विचारलं, मूळ लोकांच्या मुलांवर त्या शाळांत झालेल्या अन्यायाबद्दल कॅनडाच्या सरकारनं जाहीर माफी कधी मागितली?

"दोन हजार आठ," दयानंद म्हणाला.

"बरोबर."

नळाचं पाणी बंद झालं. सुमनबाईनं कप फळीवर पालथा ठेवला आणि ती गेली. साडी अजून पायरीवरच आहे, तिच्यावर मुंग्या चढल्यात.

आता बॅगेवर गुडघा टेकवून चेन ओढतायत. मी परत चालले आहे, ज्या देशानं मला दुसऱ्या देशातून आणून आपली म्हटलं त्या देशात. तिथं मला टेबलावर पसरतील, माझे पट्टे बघून टाळ्या वाजवतील आणि मागं पडद्यावर तो व्हिडिओ लागेल. तुमच्यापैकी कुणाच्याही मोबाईलवर तो फिरत आला तर नुसता अंगठा दाखवून पुढं जाऊ नका. संगीताचा आवाज बंद करा आणि त्या म्हातारीची बोटं बघा. खाली लिहिलेलं असेल की ती कॅनडाचे आभार मानतेय. ती आभार मानत नाहीये. तिचं नाव नसलेलं लेकरू जिथं तोंड लावायचं, ती जागा ती चाचपून बघतेय.